कोणता कागद चालतो? सॉफ्टवेअरच्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत राळेगावपासून धानोऱ्यापर्यंतची गावे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठला ना कुठला कागद आहे: ऑफर लेटर, क्लासचे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, बाँड. भरतीच्या टेबलावर यातला कोणता टिकतो आणि कोणत्यासाठी घरातला माल विकू नये, हे आम्ही आकड्यांनिशी सांगतो आहोत. नावे छापलेली नाहीत, तालुका तेवढा दिला आहे.

मला पुण्यातल्या एका कंपनीचं वर्षाला ३ लाख ६० हजारांचं ऑफर लेटर आलं. घरी सगळे म्हणतात, महिन्याला ३० हजार. बाबांनी त्याच हिशेबानं धाकट्या भावाच्या फीचं ठरवून टाकलं. हातात खरंच किती येतील?
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

ताई, आधी अभिनंदन. पण फीचा आकडा ठरवण्याआधी बाबांना हा हिशेब दाखवा. हातात ३० नाही, साधारण २३ हजार येतील.

ऑफर लेटरवरची रक्कम सीटीसी असते, म्हणजे कंपनीला वर्षभरात तुमच्यावर येणारा सगळा खर्च. पगार हा त्यातला एक भाग. पत्राच्या शेवटी एक जोडपत्र असते. ते उघडा आणि पेन घेऊन बसा. नमुन्यादाखल मूळ वेतन महिन्याला १५,००० धरू. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १२ टक्के म्हणजे महिना १,८००, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दराने मांडतात, ती ८,६५८. आरोग्य विम्याचा हप्ता ६,००० धरा. 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असलेला भाग, २४,००० धरा. हे सगळे मिळून ६०,२५८ रुपये झाले, आणि यातला एक रुपयाही दरमहा हातात येत नाही. उरले २,९९,७४२, बाराने भागले की महिना २४,९७८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफचा वाटा १,८०० जाईल. उरतील २३,१७८.

व्यवसाय कराची एक बारीक गोष्ट आहे. महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही, त्यामुळे तुमचे २०० रुपये वाचतात. याच पगारावरच्या मुलाचे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. पुढच्या वर्षी पगार २५ हजारांच्या वर गेला की तुमचेही कापू लागतील, तेव्हा गोंधळू नका. प्राप्तिकर या पगारावर लागत नाही.

पीएफचा पैसा बुडत नाही. तुमचे १,८०० पूर्ण जमा होतात. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० निवृत्तिवेतनाच्या खात्यात आणि ५५० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे पासबुकात दरमहा २,३५० वाढलेले दिसायला हवेत. रुजू झाल्यावर उमंग ॲपवरून आपला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, सुरू करून घ्या आणि तीन महिन्यांनी पासबुक बघा. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत पाच वर्षे भरल्यावरच मिळते. दोन-तीन वर्षांत कंपनी बदलणार असाल तर ते ८,६५८ आपले धरूच नका.

एचआरला ईमेलवर, फोनवर नव्हे, एवढे विचारा: व्हेरिएबल दर तिमाहीला मिळतो की वर्षाच्या शेवटी, आणि तो आधी धरून पगारात देतात की नंतर हिशेब करतात? बाँड आहे का? नागपूरच्या शाखेत जागा मागता येईल का? मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत. हाच पगार नागपुरात मिळाला तर खोलीभाड्यातच मोठा फरक पडतो. शिवाय महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस येऊ शकतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च सोबत ठेवा.

आणखी एक. मोठ्या सेवा-कंपन्यांतला नवख्यांचा पगार कित्येक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच थांबलेला आहे. पण भरतीच्या त्याच परीक्षेत कोडिंगचा भाग चांगला गेला तर वरची श्रेणी मिळते आणि तिथला पगार जवळपास दुप्पट असतो. तुमच्या मागून येणाऱ्या भावाला हे आत्ताच सांगून ठेवा.

राम राम. पोराचं बीसीए झालं, ६४ टक्के. पुण्याचा एक क्लास 'फुल स्टॅक'चे ८५ हजार मागते. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणते, रोख नसतील तर हप्ते करून देऊ म्हणते. घरात सोयाबीन आहे, भाव नाही. विकून टाकू का?
— एक कास्तकार, ता. मेहकर, जि. बुलडाणा

भाऊ, या क्लाससाठी सोयाबीन विकू नका. आणि हप्त्याच्या कागदावर तर अजिबात सही करू नका.

हा हप्ता क्लासकडे नसतो. सही केली की एखादी फायनान्स कंपनी क्लासला एकरकमी पैसे देते आणि कर्ज तुमच्या किंवा पोराच्या नावावर चढते. क्लास दोन महिन्यांत बंद पडला, शिकवणारा बदलला, पोरगा कंटाळून परत आला, तरी हप्ता सुरूच राहतो. तो चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडते, आणि पुढच्या हंगामात पीककर्जाला गेलात की बँक तोच अहवाल काढून समोर ठेवते. सही झालीच असेल तर कर्ज देणाऱ्याकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ते देणे त्यांना बंधनकारक आहे. एकूण व्याजदर त्यात असतो, आणि डिजिटल कर्जात विचार बदलण्याची किमान एक दिवसाची मुदतही लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय मोकळे होता येते.

'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द जाहिरातीत असतात, करारात नसतात. करारात 'सहाय्य' असते, म्हणजे तीन ठिकाणी बायोडेटा पाठवला की त्यांची जबाबदारी संपली. कोचिंगच्या जाहिरातीत नोकरीची हमी देण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून बंदी घातली आहे. असा फलक दिसला तर फोटो काढून ठेवा. पैसे अडकलेच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात शुल्काशिवाय, वकिलाशिवाय करता येते.

आता पोराचे. बीसीए आणि ६४ टक्के हा कागद त्याच्याकडे आधीच आहे, आणि भरतीत पहिली चाळणी त्याचीच लागते. बहुतेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीत ६० टक्के मागतात. बीसीए, बीएस्सीवाल्यांना नोकरी करता करता एम.टेक. देणारा विप्रोचा कार्यक्रम आहे. त्याचा सेवाकरार लांब पल्ल्याचा असतो, तो वाचूनच अर्ज करावा. क्लासच्या प्रमाणपत्राला या चाळणीत काही वजन नाही. कमी पडते ते हाताला वळण, आणि ते फुकटात लागते. जावा किंवा पायथन, यातली एकच भाषा धरावी. सोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये मराठीतून धडे आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर जावा आणि डेटाबेसचे अभ्यासक्रम मोफत आहेत; प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे १,००० रुपये आणि केंद्रावर प्रत्यक्ष पेपर. स्वाध्यायाला २५ गुण, पेपरला ७५. स्वाध्यायात किमान १० आणि पेपरात किमान ३० हवेत. सत्रे जानेवारी आणि जुलैला सुरू होतात. पोरे स्वाध्यायाच्या तारखा चुकवतात आणि तिथेच प्रमाणपत्र जाते.

मग एक काम उभे करावे, पण 'टू-डू लिस्ट' नको. ती प्रत्येक बायोडेटात असते. जिनिंगच्या वजनकाट्याची पावती घ्या. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ कापूस, ओलावा, भाव, हमाली, चुकारा. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत टक्क्यामागे एक टक्का कपात, बाराच्या वर नाकारायचे, असा हमीभाव खरेदीतला नियम घालावा. शेतकरी, आवक आणि चुकारा अशी तीन कोष्टके लागतील. हे करताना खरे प्रश्न पडतात. एकाच शेतकऱ्याच्या एका दिवशी दोन गाड्या आल्या तर? काट्यावर वजन झाले आणि वीज गेली तर अर्धी नोंद राहील का? आणि रक्कम 'फ्लोट' या दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवली तर संगणक ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दाखवतो, तो शंभर पावत्यांनंतर चुकाऱ्यात कुठे उमटेल? संगणक आकडे दोनाच्या पायावर साठवतो आणि ०.१ त्यात पुरता बसत नाही, म्हणून हे होते. पैसे नेहमी पूर्णांकात, पैशांमध्ये मोजून ठेवावेत, किंवा डेटाबेसचा 'डेसिमल' प्रकार वापरावा. मुलाखतीत पोराने एवढे एक जरी स्वतःच्या शब्दांत समजावले तरी समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकतो.

रोज चार तास दिले तर सहा महिने पुरतात. दोन महिने भाषा, एक महिना एसक्यूएल, दोन महिने हे काम, शेवटचा महिना ॲप्टिट्यूड आणि मुलाखतीची तयारी. ॲप्टिट्यूड हलक्यात घेऊ नका. बरीच पोरे कोडिंगपर्यंत पोहोचतच नाहीत, ती टक्केवारी आणि काळ-काम-वेगातच गळतात.

२०२३ ला बी.ई. झालो, तेव्हापासून घरीच आहो. पुण्यातली एक 'कन्सल्टन्सी' दीड लाखात दोन वर्षांचा अनुभव 'बसवून' देते म्हणते. पगारपत्रक, रिलिव्हिंग लेटर, सगळं. मित्र लागला तसाच. करू का?
— एक वाचक, ता. तेल्हारा, जि. अकोला

करू नका. मित्र लागला असेल, पण तो अजून तपासला गेलेला नाही.

ही चोरी कुठे उघडी पडते ते सांगतो. पडताळणी करणारी संस्था रिलिव्हिंग लेटरवर थांबत नाही. ती यूएएनवरची नोकऱ्यांची यादी मागते. त्यात प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. दोन वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचा यूएएन आजच निघतो, म्हणजे काय ते समोरच्याला कळते. काही कन्सल्टन्सीवाले शेवटचे तीन-चार महिने पीएफ भरूनही दाखवतात. मग बँकेचे विवरण मागतात, त्यात दरमहा पगार आलेला नसतो. प्राप्तिकराच्या २६एएस विवरणपत्रात त्या कंपनीचे नाव नसते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी तारीख कोणालाही पाहता येते, आणि कधी कधी 'अनुभव' कंपनीच्या जन्माच्या आधीचा निघतो.

पडताळणी बहुधा रुजू झाल्यावर होते, कधी ग्राहक कंपनीने मागणी केली की वर्षभराने पुन्हा होते. सापडलात तर त्याच दिवशी बाहेर, आणि जे खरे काम केले त्याचाही दाखला मिळत नाही. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, आणि कागदावर नाव तुमचे असते, कन्सल्टन्सीचे नव्हे.

पदवीनंतरचा हा खंड ही अडचण आहे, आम्ही खोटे बोलत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नवख्यांच्या भरतीत सहसा दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालत नाही, म्हणून तो दरवाजा आता अरुंद झालाय. दुसरे दरवाजे आहेत. नागपूर, अमरावतीच्या वीस-तीस माणसांच्या कंपन्या वर्ष विचारत नाहीत, काम करून दाखव म्हणतात. 'ॲप्लिकेशन सपोर्ट'च्या जागा असतात: रात्रपाळी, तिकिटे म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी सोडवायच्या, लॉग म्हणजे प्रणालीने ठेवलेल्या नोंदी वाचायच्या. त्यात एसक्यूएल आणि लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत संगणकप्रणाली) चांगले आले तर दीड-दोन वर्षांत विकासकाच्या कामाकडे वळता येते. पगार कमी मिळेल, पण यूएएनवर पहिली खरी ओळ चढेल. बायोडेटात खंड सरळ लिहा, आणि त्या काळात काय शिकलात ते दाखवा. शिकला नसाल तर आजपासून सुरू करा. वरचे वजनकाट्याचे काम तुमच्यासाठीही आहे.

आमच्याकडे नेट दिवसातून दोनदा जाते, लाईटचा भरवसा नाही. लॅपटॉपही नाही. असं शिकता येते का?
— एक विद्यार्थी, ता. धानोरा, जि. गडचिरोली

येते. पण शिकण्याची पद्धत नेटवाल्यांसारखी ठेवता येणार नाही. तुम्हाला साठवण करावी लागेल.

लॅपटॉप नवाच हवा असे नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप नागपुरात मिळतात. आय-५ आठवी पिढी किंवा पुढची, ८ जीबी रॅम आणि एसएसडी, एवढे बघा. सातव्या पिढीचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घेतलाच तर लिनक्स मिंट टाका. दुकानातच 'powercfg /batteryreport' ही आज्ञा चालवून बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता यांची तुलना करा. निम्म्यावर आली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. भारनियमनात बॅटरी हाच तुमचा यूपीएस आहे. डेस्कटॉपचा विचार सोडा.

तालुक्याला किंवा गडचिरोलीला गेलात की एका बैठकीत उतरवून आणा: कोड लिहायचा व्हीएस कोड शंभरेक एमबीचा आहे, पायथन त्याहून लहान, आणि पायथनची संपूर्ण अधिकृत माहिती झिप फाइलमध्ये मिळते. डेटाबेससाठी मोठे काही नको. एसक्यूलाइट पायथनसोबतच येतो. 'डेवडॉक्स' हे संकेतस्थळ एकदा उघडून हवे ते विषय ऑफलाइन साठवले की नंतर नेटशिवाय चालते. स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओही उतरवून घ्या. गिटची एक मोठी सोय तुमच्यासारख्यांसाठीच आहे असे वाटते. रोजची नोंद, म्हणजे 'कमिट', नेटशिवाय होते; बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये गेलात की एकदाच 'पुश' करा. आठवड्याचे सगळे काम आपापल्या तारखांसकट वर जाते.

लॅपटॉप येईपर्यंत मोबाइलवर टर्मक्स टाकून पायथन चालवता येते. बोटे दुखतात, पण लूप आणि फंक्शन डोक्यात बसायला तेवढे पुरते. ओटीजी केबलने साधा कीबोर्ड जोडला की बरेच सोपे होते.

कंपनीची ऑनलाइन परीक्षा मात्र गावातून देऊ नका. कॅमेऱ्याची देखरेख असते. नेट तुटून पान पुन्हा उघडले की ते संशयास्पद म्हणून नोंदले जाऊ शकते. केंद्रावर देण्याचा पर्याय असेल तर तोच घ्या. नसेल तर तालुक्याला ओळखीच्या घरी आदल्या दिवशीच जा, दुसऱ्या कंपनीचे सिम दुसऱ्या फोनमध्ये चालू ठेवा आणि मदतीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नाही.

मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नोकरी बघू की इंजिनिअरिंग? घरी तीन एकर, कोरडवाहू.
— एक विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

इंजिनिअरिंग. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. तीन वर्षे जातात, पण सॉफ्टवेअरच्या भरतीत नुसत्या डिप्लोमाला जागा फार थोड्या आहेत आणि वर चढताना पुन्हा पदवीच विचारतात.

पैशाचे असे आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना मिळतो. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. पैसे अडकतात ते बहुधा आधार बँक खात्याला जोडलेले नसते म्हणून, किंवा दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज राहून जातो म्हणून. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून जूनच्या गर्दीआधी काढा. पसंतीक्रम भरताना अमरावती आणि यवतमाळची शासकीय महाविद्यालये, शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी आणि पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी बघा, आणि प्रत्येक ठिकाणी मागच्या वर्षी कॅम्पसला कोणत्या कंपन्या आल्या ते माजी विद्यार्थ्यांना विचारा, कार्यालयाला नाही.

एमएस-सीआयटी आणि आयटीआयचा कोपा झाला आहे. प्रोग्रामर होता येईल का?
— एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

एवढ्या कागदांवर नाही. एमएस-सीआयटी राज्य सरकारच्या नोकरीसाठी चालते, कोपा संगणक चालकाच्या जागांसाठी आणि शिकाऊ उमेदवारीसाठी. सॉफ्टवेअर कंपनी दोन्ही विचारत नाही. बारावी झाली असेल तर बीसीए करा. महाराष्ट्रात आता त्यासाठीही सीईटी असते, तिची तारीख चुकवू नका. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचे बीसीए आहे.

कंपनी दोन वर्षांचा, २ लाखांचा बाँड, कोरा चेक आणि मूळ मार्कशीट मागते. बाँड कोर्टात टिकत नाही म्हणतात, मग सही केली तर बिघडलं काय?
— एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

'टिकत नाही' हे अर्धवट आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचेच नाही अशी अट करार कायद्याच्या कलम २७ नुसार बाद ठरते. पण ठरावीक काळ राहा, नाहीतर प्रशिक्षणाचा खर्च द्या, ही अट वेगळी आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांचा, २ लाखांचा असा बाँड वैध ठरवला. कलम ७४ प्रमाणे रक्कम वाजवी हवी, एवढे तुमच्या बाजूने आहे. त्यामुळे दोन महिन्यांचे खरे प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीचा माफक बाँड समजून-उमजून स्वीकारायला हरकत नाही. महिन्यागणिक रक्कम कमी होत जाते का, आणि कंपनीनेच काढले तर बाँड लागू होतो का, हे मात्र लेखी घ्या.

कोरा चेक देऊ नका. तो वटला नाही तर प्रकरण बाँडचे राहत नाही, चेक न वटल्याच्या कलम १३८ चे होते, आणि ते फौजदारी आहे. मूळ मार्कशीट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच टेबलावरून परत घ्या. डिजिलॉकरमधली प्रत दाखवतो म्हणा. तरीही मूळच ठेवून घेऊ म्हणत असतील तर ती जागा सोडून द्या. पुढची कंपनी मूळ कागद मागेल तेव्हा तुम्ही अडकलेले असाल, आणि अशा कंपन्यांना नेमके तेच हवे असते.

घरबसल्या डेटा एंट्रीचं काम घेतलं. आता 'अचूकता कमी भरली' म्हणून ६,५०० रुपये भरा, नाहीतर कोर्ट केस, असे फोन येऊन राहिले. वहिनी तर रडते.
— एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशिम

एक रुपयाही भरू नका, आणि वहिनींना सांगा की कोणी पकडायला येणार नाही. हे काम कधीच काम नव्हते. मजकूर मुद्दाम अस्पष्ट देतात, ९८ टक्के अचूकतेची अट घालतात, निकाल तेच ठरवतात, आणि धंदा दंडाच्या पैशावर चालतो. कोर्टाचे समन्स व्हॉट्सॲपवर वकिलाच्या नावाने, पैसे भरण्याच्या क्यूआर कोडसकट येत नाही.

फोनची नोंद, संदेश आणि करार जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे भरले असतील तर आधी १९३० ला फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते. आधार आणि पॅनच्या प्रती दिल्या असतील तर महिनाभराने सिबिल अहवाल तपासा, त्या नावावर नवे कर्ज दिसते का ते बघा.

लग्नाआधी दोन वर्षं नागपूरच्या कंपनीत टेस्टिंग केलं. नंतर सहा वर्षं घर आणि मूल. परत जाता येईल का?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

येईल, आणि टेस्टिंगमधूनच या. ती दोन वर्षे खरी आहेत, यूएएनवर नोंदलेली आहेत, आणि तोच क्रमांक आजही चालतो. आधी त्या खात्यातले केवायसी पूर्ण करा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधार, पॅन आणि यूएएन तिन्हीकडे नाव एकसारखे करून घ्या. रुजू होताना नावातल्या फरकावरूनच सगळ्यात जास्त दिवस वाया जातात.

मधल्या काळात हाताने तपासण्याचे काम कमी झाले आहे. वेबसाइट आपोआप तपासायला जावासोबत सेलेनियम, एपीआय म्हणजे दोन प्रणालींमधली देवाणघेवाण तपासायला पोस्टमन, आणि एसक्यूएल, एवढे चार-पाच महिन्यांत उभे करा. तुमच्या बाबतीत एका प्रमाणपत्रावर पैसे घालणे आम्हाला योग्य वाटते: सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची फाउंडेशन पातळी. ४० प्रश्न, ६० मिनिटे, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना १५ मिनिटे जास्त मिळतात, ती नोंदणी करतानाच मागून घ्या. या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. सहा वर्षांनंतर येणाऱ्या माणसाचे ज्ञान ताजे आहे, याचा समोरच्याला तेवढा पुरावा मिळतो.

सराव घरच्याच गोष्टींवर करा. वर जिनिंगचा नियम दिला आहे: आठपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, पुढे नकार. याच्या चाचण्या लिहायच्या तर ७.९, ८, ८.१, ११.९, १२ आणि १२.१ हे आकडे आधी घ्या, कारण चूक नेहमी काठावर असते. लिहिणाऱ्याने 'पेक्षा मोठा' आणि 'पेक्षा मोठा किंवा समान' यांत गल्लत केलेली असते. मग रिकामी जागा, उणे आकडा, 'आठ' असे अक्षरात, आणि भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी जड. अशा पंचवीस चाचण्या एका तक्त्यात नीट मांडा: काय घातले, काय यायला हवे होते, काय आले. मुलाखतीला तो तक्ता सोबत न्या. बायोडेटात सहा वर्षांसमोर 'कौटुंबिक जबाबदारी' एवढेच लिहा, स्पष्टीकरण देत बसू नका. पहिला पगार सहा वर्षांपूर्वीच्या आसपासच सांगतील. सहा महिन्यांनी पुन्हा पगार बघू असे तोंडी म्हणत असतील तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.